विमानाच्या वह्या

१४ ऑगस्ट २०२३, सोमवार. पाऊस नाही. दूध अर्धा लिटर जास्त घेतले, भाईजींना खीर हवी होती. रोनक दुपारी अडीच वाजता हैदराबादहून आला. विमानाचा सौदा पुरा झाला. विमान तिथेच आहे, कागद घरी आणले. तीन खोकी. आत अकरा पुस्तके, सन २००४ पासूनची. वहीच्या कपाटात खालच्या दोन खणांत ठेवली. एक किल्ली माझ्याकडे, एक भाईजींकडे. नवा सिलिंडर लावला.

चंद्रकांताबाईंच्या डायरीत त्या दिवसाचं इतकंच आहे. घराण्याने विमान घेतलं ही गोष्ट त्यांनी खिरीच्या दुधानंतर आणि सिलिंडरच्या आधी लिहिली, कारण दिवसात ती त्याच क्रमाने घडली होती. भुसावळच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी सातवीच्या मुलींना रोजनिशी लिहायला लावली तेव्हा एकच नियम सांगितला होता: जे घडलं ते लिहा, जे वाटलं ते देवाला सांगा. बाकीच्या मुलींनी परीक्षा होताच वह्या रद्दीत घातल्या. चंद्रकांताबाई आता त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या पलंगाखालच्या पेटीत एकसष्ट डायऱ्या आहेत. वाटलेलं त्यांत एक अक्षर नाही.

मेहरूण तलावाच्या अलीकडे त्यांचं घर. सासरे राजस्थानातून आले ते धान्याच्या व्यापाराला. पुढे धुळ्याला डाळ मिल झाली, ती चंद्रकांताबाईंचे यजमान निर्मलकुमार बघायचे. ते जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा रोनक जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया बनवतो. सून विधी त्याच्याबरोबर कारखान्यात जाते. आणि घरात सगळ्यांत मोठे, निर्मलकुमारांचे थोरले भाऊ, प्रेमराजभाईजी. वय ब्याऐंशी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ते उद्यावर ढकलत आलेले.

लग्न होऊन या घरात आल्या त्या दिवशी सासूबाईंनी चंद्रकांताबाईंना सांगितलं होतं, “जेठांपुढे पदर आणि मौन.” म्हणजे थोरल्या दिरापुढे डोक्यावर पदर आणि तोंड बंद. मारवाडी घरांतून ही रीत तेव्हा सगळीकडे होती. पुढे पुष्कळ घरांतून गेली. या घरातून गेली नाही, कारण ती मोडायची तर दोघांपैकी कोणीतरी आधी तोंड उघडायला हवं होतं. त्रेपन्न वर्षांत भाईजी आणि चंद्रकांताबाई एकमेकांशी थेट एक शब्द बोलले नव्हते.

वैर होतं असं मुळीच नाही. उलट, घरात इंग्रजी येणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून इन्कम टॅक्सची नोटीस आली, बँकेचं पत्र आलं, की भाईजी ते घेऊन बैठकीत बसायचे आणि चंद्रकांताबाई पडद्यामागे उभ्या राहून वाचून अर्थ सांगायच्या. मध्ये निर्मलकुमार.

“निर्मल, त्यांना विचार, शेवटची तारीख कोणती दिलीय?”

“अहो, सांगा त्यांना, एकतीस.”

“एकतीस कोणत्या महिन्याची, विचार.”

“तुम्ही दोघं तीन हातांवर आहात,” निर्मलकुमार वैतागायचे. “मी काय टपालपेटी आहे?”

ते गेल्यावर टपालपेटीचं काम विधीकडे आलं. विधी घरात नसेल तर भाईजी हवेला सांगायचे, “कोणीतरी चहात आज आलं विसरलंय,” आणि चंद्रकांताबाई तुळशीला सांगायच्या, “आलं संपलंय, संध्याकाळी येईल.” पूर्वी भाईजींचं लक्ष वेधायचं असेल तर त्या पडद्याआडून बांगड्या वाजवायच्या. यजमान गेल्यावर हातात एकेक सोन्याची बारीक बांगडी राहिली. एकटी बांगडी वाजत नाही.

यजमानांचा फोन आणि त्याचा नंबरही त्यांनीच वापरायला घेतला. नातेवाइकांनी आपापल्या फोनमध्ये नाव बदलून घेतलं. भाईजींनी नाही. त्यांच्या फोनमध्ये तो नंबर अजून ‘निर्मल’ असाच होता. त्यावरून त्यांना फोन येण्याचा प्रश्नच नव्हता.

विमानाचं खूळ रोनकचं. नाशिकचे दोन भागीदार आणि हा. दक्षिणेकडची एक कंपनी दिवाळखोरीत निघाली होती, तिचं आठ जणांचं जेट बँक विकत होती. एकोणीस वर्षांचं. रंग देऊन, गाद्या बदलून ते भाड्याने द्यायचं, असा बेत होता: कारखानदारांना, मोठ्या डॉक्टरांना, निवडणुकीत पुढाऱ्यांना. रोनकच्या वाट्याचं भांडवल तूर्त कर्ज काढून भरायचं आणि ते धुळ्याची मिल विकून फेडायचं होतं, आणि मिल चंद्रकांताबाईंच्या नावावर होती.

“तू नाही म्हणालीस तर विषय संपला, मम्मी,” रोनक म्हणाला होता.

तो सेहेचाळीस वर्षांचा आहे. चटयांचा कारखाना त्याला भाईजींनी काढून दिला, बायको मावशीने दाखवली, गाडीचा रंगसुद्धा बापाने ठरवला. पहिल्यांदाच तो स्वतःचं काही मागत होता. चंद्रकांताबाई नाही म्हणाल्या नाहीत. विमान उडालं तर मिल सार्थकी लागेल, हे त्यांनी मनाशी धरलं. पण ते काही घडलेलं नव्हतं, म्हणून डायरीत लिहिलं नाही.

विमान तपासायला रोनकने योगराज पाटील याला धरलं होतं. हा चोपड्याकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. हवाई दलात बावीस वर्षं काढून आता जुन्या विमानांची तपासणी करून देतो. सहा दिवस हैदराबादच्या हँगरमध्ये त्याने इंजिनात नळीसारखा कॅमेरा घालून पातं न् पातं पाहिलं आणि मग होकार दिला. पुस्तकं जळगावला नेऊ नका, वर्कशॉपमध्येच राहू द्या, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. पण या घराचा तीन पिढ्यांचा शिरस्ता होता: माल गोदामात, कागद घरात. शिवाय रोनकला ती पुस्तकं लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायची होती.

“मांडा,” योगराज म्हणाला. “पण कुंकू लावू नका हं! स्वस्तिक तर अजिबात नको.”

“टोकाला, बारीकसा?” रोनक.

“साहेब, परवाना देणारा दिल्लीचा माणूस विचारेल, हा कसला डाग? मी काय सांगू, लक्ष्मी आली होती?”

मग तो चंद्रकांताबाईंकडे वळला. त्या चहा घेऊन आल्या होत्या आणि उभ्याउभ्याच पहिलं पुस्तक उघडून वाचू लागल्या होत्या.

“काकू, तुम्हाला कळतंय ना हे?”

“इंग्रजी कळतंय. विमान नाही.”

“विमान सोपं आहे. ही पुस्तकं म्हणजे त्याची डायरी. किती वेळा वर गेलं, किती वेळा उतरलं, कोणता भाग कधी बसवला, कोणी सही केली. इंजिनात चकत्या असतात, त्यांचं आयुष्य मोजून दिलेलं. इतक्या वेळा वर-खाली झालं की फेकायची. आता समजा मधली चार वर्षं नसली. चकती चांगलीच असेल, चमकत असेल. पण किती झिजली, कोण सांगणार? औषधाच्या पट्टीवरची तारीख फाटली की गोळी कितीही पांढरीशुभ्र असो, घेता येत नाही ना? तसं. विमानाचा पंख तुटला तरी मी जोडून देईन, काकू. ही पुस्तकं जाऊ देऊ नका.”

“कॉपी काढलेल्या नाहीत?”

“शेवटच्या पाच वर्षांच्या आहेत. जुन्यांच्या त्या कंपनीने कधी काढल्याच नाहीत. दिवाळीनंतर मी येतो आणि पानन् पान स्कॅन करतो.”

हे ऐकल्यावर चंद्रकांताबाईंनी पुस्तकांची जी निगा राखली तिला तोड नव्हती. घरात एकच कपाट वाळवी न लागणारं आणि कुलपाचं, ते देवघराशेजारचं वहीचं कपाट. पेढीच्या जुन्या वह्या त्यातच असत. धूळ लागू नये म्हणून प्रत्येक पुस्तक त्यांनी लाल कापडात शिवून घेतलं. तांबडा दोरा संपला तेव्हा निळा वापरला. आणि पुस्तक शोधताना सगळी सोडावी लागू नयेत, म्हणून प्रत्येकावर शाईने मराठी आकड्यांत साल घातलं: २००४, २००५–०६, २००७. तऱ्हा अगदी सासऱ्यांच्या वह्यांसारखी. दुसरी तऱ्हा त्यांना ठाऊकच नव्हती.

रोज दुपारी एकेक पुस्तक सोडून त्या वाचायच्या. बंगळूर ते कोचीन, पन्नास मिनिटं. उतरताना डावं चाक तपासलं. २००६ साली कोणी एक तंत्रज्ञ होता, त्याचं अक्षर थेट सिस्टरांसारखं. एका पानावर तासांच्या बेरजेत दहा मिनिटांची चूक सापडली, ती त्यांनी योगराजला फोनवर सांगितली. तो इतका खूश झाला की म्हणाला, काकू, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या. आवडलेल्या नोंदी त्या आपल्या डायरीत उतरवून घ्यायच्या.

सप्टेंबरात विमान एकदा जळगावच्या विमानतळावर आलं. घरातल्यांना आत बसवून फक्त दाखवायचं होतं. आत खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. भाईजी आणि चंद्रकांताबाई एकाच वेळी आत कसे बसणार? आधी त्या बसल्या. भाईजी खाली उन्हात, विमानाकडे पाठ करून उभे. त्या उतरल्या, चार पावलं लांब गेल्या, मग भाईजी चढले.

“दोघांसाठी दोन विमानं घ्यावी लागतील,” विधी हसून म्हणाली. भाईजी आतून मोठ्याने हवेला म्हणाले, “गादी छान आहे. कोणाला तरी आवडली असेल.” चंद्रकांताबाईंनी पदराआड हसून विधीला सांगितलं, “आवडली म्हणावं.”

नोव्हेंबरची नऊ तारीख, गुरुवार, वसुबारस. त्या दिवशी धुळ्याला मिलचं खरेदीखत होतं. चंद्रकांताबाई आणि रोनक सकाळी भाड्याच्या गाडीने गेले. घरची गाडी आणि ड्रायव्हर जीवराम भाईजींसाठी ठेवला, कारण त्यांना तापीवर जायचं होतं.

या घरात बारा वर्षं पुरी झालेल्या वह्या दिवाळीच्या तोंडावर तापीला सोडतात. रद्दीत घालत नाहीत, जाळत नाहीत. ज्यांच्यावर घर जगलं त्या वह्या नदीच्या पोटात जाव्यात, ही सासऱ्यांची रीत. एरवी जीवराम एकटा जाऊन सोडून यायचा. पण यंदा पाळी २०११ पर्यंतच्या वह्यांची होती, आणि त्या निर्मलकुमारांच्या हातच्या शेवटच्या. म्हणून भाईजी स्वतः निघाले होते. चंद्रकांताबाईंना हे ठाऊक होतं. सकाळी निघताना त्यांनी कपाटाला बाहेरूनच नमस्कार केला होता. खालच्या खणातल्या अकरा पुस्तकांचा विचार त्यांच्या मनात आला नाही. त्यांच्या लेखी ती विमानाची होती आणि इतकी जपलेली होती की धोका त्यांना कुठे दिसलाच नाही.

धुळ्याच्या कचेरीत त्यांनी बावीस ठिकाणी सह्या केल्या. नंतर मिलवर गेल्या. पाखडण्याच्या चाळण्या थांबलेल्या, फाटकावरची पाटी उतरवून भिंतीला टेकवलेली. नव्या मालकाला तिथे गोदामं बांधायची होती. हमालांचा म्होरक्या म्हणाला, “अक्का, पाटी लई जा.” त्यांनी ती गाडीच्या टपावर बांधून घेतली. रोनकला बँकेत थांबायचं होतं. त्या एकट्याच पारोळा, एरंडोल करत परत आल्या.

मेहरूणच्या गल्लीत गाडी वळली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. घरची गाडी फाटकातून मागे निघत होती. काचा वर, एसी चालू. पुढे भाईजी. मागच्या सीटवर लाल गाठोडी. चंद्रकांताबाई भाड्याच्या गाडीतून उतरल्या, आणि सवयीने डोळ्यांनी गाठोडी मोजू लागल्या. पेढीच्या वह्यांची आठ हवी होती. नऊ, दहा, अकरा… आणि एकाच्या शिवणीला निळा दोरा.

त्यांनी हात वर केला.

भाईजींना भावजय दिसली. त्यांनी, त्रेपन्न वर्षांच्या रिवाजाने, अदबीने तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं. जीवराम आरशात बघत गाडी मागे घेत होता. गाडी वळली आणि गेली. भाड्याच्या गाडीवाल्याने टपावरची पाटी फाटकाशी उतरवून ठेवली होती. त्याला “थांब” म्हणेपर्यंत तोही कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

त्या कपाटाकडे धावल्या. खालच्या खणांत चारच पुस्तकं उरली होती. २०१२ पासून पुढची. भाईजींनी काही चुकीचं केलं नव्हतं. लाल कापड, शाईचं साल, बारा वर्षं पुरी. त्यांनी साल वाचलं आणि उचललं. साल घालणारा हात चंद्रकांताबाईंचाच होता.

चोपडा रस्त्यावरचा तापीचा पूल घरापासून अर्ध्या तासावर. त्यांनी रोनकला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. तो बँकेतून भागीदारांना सांगत होता की काम झालं. विधीला लावला, तर विधीचा फोन घरातच फ्रिजवर वाजायला लागला. ती कारखान्यात मिठाई वाटायला गेली होती आणि फोन विसरली होती. कारखान्याचा लावला, कोणी उचलला नाही. जीवरामला चार वेळा लावला. स्वयंपाकीणबाई सुटीवर. शेजारचे कुलूप लावून बोदवडला गावी गेलेले. रस्त्यावर येऊन त्यांनी रिक्षा पाहिली. वसुबारसेच्या संध्याकाळी सगळ्या रिक्षा बाजारात होत्या.

चार वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली. आता एकच नंबर उरला होता.

तो त्यांच्या फोनमध्ये होता, पण त्यावर बोट कधी गेलं नव्हतं. एक शब्द पुरला असता. थांबा. तेवढाच. त्या देवघरासमोर उभ्या राहिल्या, पदर पुढे ओढला, जणू फोनमधून कोणी बघणार होतं, आणि बोट टेकवलं.

दोनदा वाजला. उचलला.

“हलो.” मागे वाऱ्याचा आवाज. ते पुलावर पोचले होते. “हलो, कोण?”

चंद्रकांताबाईंनी तोंड उघडलं. श्वास आला. आवाज आला नाही.

“हलो?” मग बराच वेळ नुसता वारा. भाईजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं असावं, कारण पुढचा आवाज वेगळाच होता, लहान मुलाशी बोलावं तसा. “निर्मल?”

आता बोलायचं म्हणजे नुसती रीत मोडायची नव्हती. त्यांनी पुन्हा ओठ हलवले. गळ्यात जे काय असतं ते त्रेपन्न वर्षं या माणसासमोर बंद होतं आणि ते त्या घडीला उघडेना.

“वह्या सोडतोय रे,” भाईजी म्हणाले. “तुझ्याच हातच्या. सगळं नीट चाललंय. काळजी करू नको.” मग जीवरामला, “हं, दे ती.” आणि पुन्हा वारा.

फोन बंद झाला. पडद्यावर आकडा राहिला: एक मिनिट चाळीस सेकंद.

जीवराम सहाच्या सुमाराला आला तेव्हा त्या फाटकाशीच होत्या, भिंतीला टेकवलेल्या पाटीशेजारी. भाईजी आत गेल्यावर तो जवळ आला. गाडीत काही उरलंय का, त्यांनी विचारलं.

“बठ्ठ्या सोडी दिन्या, अक्का. एकबी गाडीमा नही शे. का बरं?”

“तुला चार वेळा फोन केला, जीवराम.”

“वाजना व्हता. पण शेठ संगे राहतस तवय फोन उचलाना नही, असा नेम शे ना. तुमीच सांगेल शे.”

खरं होतं. दहा वर्षांपूर्वी एरंडोलजवळ तो फोनवर बोलता बोलता गाडी खड्ड्यात घालणार होता, तेव्हा तो नियम चंद्रकांताबाईंनीच केला होता. तारीख डायरीत असेल.

रोनक आल्या आल्या त्यांनी त्याला पुस्तकं गेल्याचं सांगितलं. तो खुर्चीत बसला, पुन्हा उठला.

“तुला गाडी दिसली होती?”

“हो.”

“मग थांबवली का नाहीस?”

“काचा वर होत्या.”

हे खोटं नव्हतं. पण सगळंही नव्हतं, आणि बाकीचं त्यांच्याच्याने सांगवलं नाही.

“बडे पापांना कळता कामा नये,” रोनक भाईजींबद्दल म्हणाला. “निदान लक्ष्मीपूजन होईपर्यंत.”

धनत्रयोदशीला पहाटेच जीवराम दोन मासेमाऱ्यांना घेऊन पुलाखाली उतरला. दुपारपर्यंत शोधून एकच गाठोडं मिळालं, ते काठाच्या झुडपात अडकलेलं. रोनकने ओट्यावर ते कात्रीने उघडलं. आत निर्मलकुमारांची २०११ची वही होती. शाई फुटून पानं निळी झाली होती. वरच्या कोपऱ्यात ‘श्री’ मात्र वाचता येत होता. रोनकने ते वळचणीला वाळत घातलं आणि कारखान्यात निघून गेला.

लक्ष्मीपूजन झालं. पाटावर उरलेली चार पुस्तकं मांडली. कुंकू लावलं नाही. भाईजींनी पूजा मनापासून केली. त्या दिवसापासून ते एकूणच खुशीत होते, दोनदा साखरेचा चहा मागून प्यायले.

वीस नोव्हेंबरला, सोमवारी, योगराज स्कॅन करायचं मशीन घेऊन आला. रोनकने त्याला फोनवर सांगितलं होतं, तरी तो आला. चार पुस्तकं त्याने पुन्हा पुन्हा मोजली. मग चंद्रकांताबाईंनी आपली डायरी पुढे ठेवली. दोन महिन्यांच्या दुपारी त्यात होत्या: तारखा, तास, उतरण्यांची संख्या, कोणता भाग कधी बदलला, सही करणाऱ्याचं नाव.

योगराज अर्धा तास वाचत राहिला. चहा निवला.

“काकू, हे… हे मी आयुष्यात पाहिलं नाही.”

“चालेल?” रोनकने विचारलं.

“यावर सही कोणाची?”

“माझी,” चंद्रकांताबाई म्हणाल्या. “शब्द न् शब्द बघून उतरवलाय.”

“ते दिसतंय. मला खात्री आहे. पण माझ्या खात्रीने परवाना मिळत नाही. ज्याने तेव्हा चाक बसवलं त्याच्या हातची सही लागते.” त्याने डायरी दोन्ही हातांनी मिटून परत दिली. “दोन्ही इंजिनांतल्या चकत्या आता संपल्या असंच धरणार. नव्या घालायच्या तर विमानाच्या किमतीहून जास्त. नाहीतर सुटे भाग करून विकायचं. खुर्च्यांना गिऱ्हाईक लगेच मिळेल.”

“कंपनीकडे काही?”

“साहेब, कंपनीच कुठे आहे?”

योगराजला फाटकापर्यंत सोडून रोनक परत आला तो थेट भाईजींच्या खोलीकडे. चंद्रकांताबाई त्याच्या मागे पडद्यापर्यंत गेल्या. त्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. अकरा दिवस दाबलेलं सगळं आता तो ओकणार होता, आणि त्यात वावगं काय होतं?

“बडे पापा, तुम्ही तापीला ज्या वह्या…”

“बस, बस. मीच तुला बोलावणार होतो.” भाईजी पलंगावर उशीला टेकून बसले होते. “कोणाला सांगितलं नाही अजून. लोक म्हणतील म्हाताऱ्याला भ्रम झाला. त्या दिवशी पुलावर निर्मलचा फोन आला.”

रोनक पलंगाच्या कडेला बसला.

“हे बघ.” त्यांनी उशाखालून फोन काढून दाखवला. “नाव आहे. वेळ आहे. एक मिनिट चाळीस सेकंद. बोलला काहीच नाही. पण होता, श्वास ऐकला मी. त्याचं शेवटचं आजारपण, मी कोलकात्याला होतो, भेट झाली नव्हती आमची. बारा वर्षं ते टोचत होतं. त्याच्या वह्या पाण्यात सोडायच्या घडीला त्याने फोन केला, रोनक. आता मी सुखाने जाईन.” मग थांबून, “तू काय म्हणत होतास?”

रोनकने पडद्याकडे पाहिलं. नंबर कोणाचा, हे त्याला पाठ होतं.

“काही नाही,” तो म्हणाला. “डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊ का, विचारत होतो.”

बाहेर येऊन तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला.

“तू केला होतास?”

चंद्रकांताबाईंनी डायरी काढली आणि नऊ नोव्हेंबरचं पान त्याच्यापुढे धरलं. पारोळ्याला चहा. मिलची पाटी घरी आणली. ४.१० ला गाडी फाटकात दिसली. ४.४५ ला भाईजींना फोन केला. बोलले नाही.

त्याने ते दोनदा वाचलं.

“एक शब्द, मम्मी.”

“हो.”

“एकच शब्द लागत होता.”

“हो रे.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सिंकवर हात धूत उभा राहिला, बराच वेळ, हाताला काही लागलेलं नसताना. मग म्हणाला, “त्यांना सांगायचं नाही,” आणि नाशिकच्या भागीदारांना फोन लावायला गच्चीवर गेला. त्यांना तो काय सांगणार होता, हे चंद्रकांताबाईंनी विचारलं नाही. काहीही सांगितलं तरी ते पुरणार नव्हतं.

दिवेलागणीला भाईजींनी आपल्या खोलीतून हवेला सांगितलं, “चहा आज फार चांगला झाला होता.” घरात तेव्हा विधी नव्हती. चंद्रकांताबाई पडद्याशी गेल्या. पडदा हलला, भाईजींना कळलं कोण आहे ते, त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि वाट पाहिली. त्या तिथे उभ्या राहिल्या. मग तुळशीकडे जाऊन म्हणाल्या, “बरं.”

नंतर पलंगावर बसून त्यांनी डायरी उघडली, वर तारीख घातली आणि लिहिलं:

१० ऑक्टोबरला लावलेला सिलिंडर आज सकाळी संपला. ४१ दिवस चालला.